नवव्या दगडाचा रूबेन

रूबेन ब्लेन्किन हा माझा धाकटा भाऊ. सख्खा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या स्कर्बीत आणि आसपासच्या चार गावांत पुष्कळ लोक त्याच्याशी नातं सांगतात. कुणी म्हणतं मावसभाऊ, कुणी म्हणतं शाळेत एका बाकावर होतो. सख्खा भाऊ एकटा मीच, सायलस. शाळेत मी बाराव्या वर्षापर्यंतच गेलो, पण बोलण्यात मला हरवणारा माणूस या खोऱ्यात अजून जन्माला यायचाय. तेव्हा त्याची गोष्ट मीच सांगणार.

रूबेन जोडे दुरुस्त करतो. या गावात असा एक माणूस नाही ज्याच्या टाचेला रूबेनचा खिळा नाही. बोलायला मात्र फार सावकाश. तुम्ही त्याच्या दुकानात गेलात आणि विचारलंत, 'काय रे, पाऊस येईल का?' तर तो उठेल, दाराशी जाईल, आभाळाकडे बघेल, परत येऊन बसेल, दोन खिळे मारेल आणि मग म्हणेल, "सांगता येत नाही."

असा माणूस एरवी कुणाच्या लक्षात राहिला नसता. पण रूबेन नवव्या दगडाचा आहे.

आमच्या गावाच्या शिवेवर अकरा दगड. पूर्वी दर सात वर्षांनी, मे महिन्यातल्या एका सोमवारी, पाद्रीसाहेब पुढे आणि सगळं गाव मागे, अशी शिवेची फेरी निघायची. हातात विलोच्या छड्या. दगड आला की त्याच्यावरची काटेरी झुडपं तोडायची, दगडाला छड्या मारायच्या, आणि मग एका पोराला पायांना धरून उलटं करायचं आणि त्याचं डोकं दगडावर तीनदा टेकवायचं. हलक्या हातानं टेकवायचं असा नियम होता, पण टेकवणारे दुपारपर्यंत पुष्कळ बिअर प्यालेले असायचे. पोराला एक पेनी आणि बेदाण्यांचा गोड पाव मिळायचा. एवढं झालं की तो दगड त्या पोराचा. मरेपर्यंत त्यानं तो लक्षात ठेवायचा. नकाशे जळतात, सरकारं जातात, पण डोक्याला लागलेला दगड माणूस विसरत नाही, असा आमच्या वाडवडिलांचा हिशोब.

एकवीस सालच्या फेरीत रूबेन सात वर्षांचा होता. त्याच्या वाट्याला नववा दगड आला, ओढ्याकाठचा. मी त्या दिवशी गालगुंड येऊन घरी पडलो होतो. नाहीतर तो दगड माझाच होता, हे तेव्हाही सगळे म्हणत होते. निदान मी म्हणत होतो.

ती शेवटची फेरी. पुढचे पाद्रीसाहेब शहरातून आलेले. त्यांना हे रानटी वाटलं. त्याच हिवाळ्यात ओढ्याला पूर आला आणि नववा दगड दिसेनासा झाला. तेव्हा कुणी शोधला नाही, कारण कुणाला त्याची गरज पडली नाही. जुने म्हातारे एकेक करून गेले, आणि जाताना बोलायला त्यांच्याकडे दुसरे विषय होते. त्या फेरीत दहाव्या आणि अकराव्या दगडाची दोन पोरंही नवव्या दगडाशी हजर होती. त्यातला एक लढाईत गेला, दुसरा कॅनडात. कॅनडावाल्याला मिस टॅरंटनी पत्र लिहून विचारलं. त्याचं उत्तर आलं की त्याला फक्त पाव आठवतो.

मिस टॅरंट म्हणजे आमच्या शाळेच्या बाई. एक्कावन्न साली त्यांनी गावातल्या माणसांच्या लहानपणीच्या आठवणी गोळा करून एक छोटं पुस्तक काढलं. माझ्या आठवणी त्यांनी चौदा पानं उतरवून घेतल्या आणि छापताना अर्धं पान ठेवलं. जागा नव्हती म्हणाल्या. रूबेनची आठवण मात्र पूर्ण छापली, कारण ती एवढीच होती: 'मला उलटं धरलं तेव्हा समोर चर्चचा मनोरा वटवाघळासारखा लटकत होता आणि ओढा माझ्या डाव्या कानात वाजत होता. पाव पाण्यात पडला.'

हे चौथ्या पानावर आहे. मी ते पब्लिकला तोंडपाठ म्हणून दाखवतो. त्या पुस्तकापासून तर रूबेनचा गावातला मान आणखी वाढला. पबमध्ये शेकोटीजवळची खुर्ची त्याची. बाहेरचं कुणी आलं की मी सांगायचो, "तो बसलाय ना, तो नवव्या दगडाचा. दगड हरवला, पण दगडाचा माणूस आहे." रूबेन त्यावर मान खाली घालून पाईप पेटवायचा.

आता मैदानाचं सांगतो. चर्चकडे तोंड करून उभं राहिलं की ओढा सरळ चर्चच्या दिशेनं वाहत जातो. ओढ्याच्या अलीकडे आमचं गाव, पलीकडे एक सपाट कुरण, आणि कुरणाच्या मागे हॅगथॉर्प. त्या कुरणात आम्ही तीस वर्षं क्रिकेट खेळतोय. कुरणात चर्चकडे तोंड करून उभे राहा, ओढा तुमच्या डाव्या हाताला येतो. रूबेनच्या डाव्या कानाला यायचा तसाच. म्हणजे नववा दगड कुरणात होता, म्हणजे शीव कुरणाच्या पलीकडून जाते, म्हणजे कुरण स्कर्बीचं. लहान पोरालाही समजेल.

त्या मैदानावर रूबेन दर शनिवारी पंच असतो. पांढरा कोट घालतो. खिशात ओढ्यातले सहा पांढरे खडे. एक चेंडू पडला की एक खडा या खिशातून त्या खिशात. आठवडाभर खिळे मारणारा माणूस शनिवारची वाट कशी बघतो ते मी बघितलंय. शुक्रवारी संध्याकाळी तो खडे धुतो. लग्न त्याचं झालं नाही. त्याचं काय ते त्या मैदानावर होतं.

आणि पंच कसा? पन्नास साली हॅगथॉर्पविरुद्ध मी एकोणपन्नास धावांवर होतो. चेंडू माझ्या पायाला लागला. हॅगथॉर्पवाल्यांनी ओरडून घेतलं. रूबेननं विचार केला, म्हणजे चांगला विचार केला, मी तेवढ्यात पॅडचा पट्टा बांधून घेतला. मग त्यानं बोट वर केलं. सख्ख्या भावाला पायचीत. त्या चेंडूबद्दल मी आजही काही बोलत नाही. तो लेग स्टंपच्या बाहेर जात होता.

साठ सालच्या शेवटी हॅगथॉर्पला सरपंचीण म्हणून डॉर्कस फेदरस्टन आली. विधवा बाई, दोनशे मेंढ्या, आवाज मेंढ्यांना लांबून ऐकू जाईल असा. तिनं सांगितलं, कुरण हॅगथॉर्पचं आहे आणि तिथे मेंढ्या चरतील. आम्ही म्हटलं, शीव पलीकडे आहे. ती म्हणाली, दाखवा. त्यातच जिल्ह्याच्या कचेरीला नवा नकाशा काढायचा होता. त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. आठवा दगड पुलाशी आहे, दहावा टेकडीवर आहे, मधली रेघ कुठून वळवायची ते त्याला कळेना. शेवटी ठरलं की मे महिन्यात, फेरीच्याच सोमवारी, दोन्ही गावांनी ओढ्यावर यायचं, रूबेननं जागा दाखवायची, नकाशावाल्यानं तिथं खूण करायची, आणि मग कुणी कधी बोलायचं नाही.

तो महिनाभर मी पबमध्ये सगळ्यांना सांगत होतो, "काळजी करू नका. माझा भाऊ आहे." लोक रूबेनला बिअर पाजत होते. त्याच्या दुकानात कधी नव्हे एवढे जोडे आले, त्यातले निम्मे धडधाकट.

एकदा मी त्याला विचारलं, "जागा नीट आठवते ना?"

तो टाच घासत होता. घासून झाली. म्हणाला, "डावा कान आठवतो."

"तेवढं बस आहे."

"जागा डोळ्यासमोर येत नाही, सायलस. आम्ही ओढ्यातून दहा वेळा इकडून तिकडे गेलो होतो. मी बापाच्या खांद्यावर होतो. झोपलो होतो बहुतेक."

"झोपलो होतो हे कुणाला सांगू नकोस," मी म्हटलं.

सोमवारी सगळं गाव ओढ्यावर. हॅगथॉर्पही आलं. नवे पाद्रीसाहेब छडी घेऊन आले, हे बरे आहेत, यांना बिअर चालते. नकाशावाला बारीक माणूस, गळ्यात पेन्सिल बांधलेली. रूबेननं लग्नकार्याचा काळा सूट घातला होता आणि खिशात खडे होते. त्या दिवशी खेळ नव्हता, पण मैदानावर जायचं म्हणून घेतले असणार.

तो कुरणात जाऊन उभा राहिला. चर्चकडे तोंड केलं. चार पावलं पुढे, दोन मागे. म्हणाला, "इथं कुठेतरी असेल. ओढा डावीकडे आहे."

आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. नकाशावाल्यानं पेन्सिल उचलली.

डॉर्कसबाई पुढे आली. तिच्या हातात मिस टॅरंटचं पुस्तक होतं, चौथ्या पानात बोट घातलेलं.

"सायलस," ती म्हणाली, माझ्याशी, रूबेनशी नाही, कारण रूबेनशी बोलायला वेळ लागतो. "तुझा भाऊ त्या दिवशी उलटा होता ना?"

"होताच. छापलंय तसं."

"मग आज सरळ उभा राहून साक्ष कसा देतो?"

"सरळ काय, उलटा काय, माणूस तोच."

"तोच असेल. पण मी मेंढी विकत घेताना मेंढीला उलटी करून बघते. तेव्हा खरं कळतं."

हॅगथॉर्पवाले हसले. आता मला सांगा, चाळीस वर्षं ज्या भावाचं मी सांगत आलो, त्याच्याबद्दल असं चारचौघांत कुणी बोललं तर मी गप्प बसणार का?

"करा उलटा," मी म्हटलं. "ब्लेन्किनचा माणूस आहे. उलटा धरा, आडवा धरा, गिरणीच्या चाकाला बांधा. तोंडातून खरंच निघेल."

"सायलस," रूबेन म्हणाला.

"तू गप्प बस. कोट काढ."

रूबेन दोन पोती बटाट्यांएवढा आहे. रस्सीखेचीच्या संघातले चौघं बोलावले. दोघांनी एकेक घोटा धरला, दोघांनी कमरेला हात घातले, आणि एक-दोन-तीन म्हणून उचलला. खिशातून सगळं खाली आलं. तंबाखूची डबी, मेणाचा गोळा, आरी, पेपरमिंटच्या दोन गोळ्या, आणि ते सहा खडे. पाद्रीसाहेब छडी बगलेत घेऊन म्हणाले, "काही आठवतंय का, रूबेन?" कारण काहीतरी बोलायला हवं होतं.

रूबेनचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. समोर चर्चचा मनोरा होता. त्यानं तो बघितला. मग डोळे मिटले. ओढ्याचा आवाज येत होता.

आता मी त्याच्या चेहऱ्याजवळ वाकलो होतो, म्हणून मला माहीत आहे. त्याच्या कपाळावर एक आठी आली. खेळात चेंडू पायाला लागला आणि सगळे ओरडले की येते ती आठी. मी ती ओळखली.

"सायलस," तो हळूच म्हणाला. "पाणी उजव्या कानात वाजतंय."

"मग कान झाक."

"नाही. नीट ऐक. तोंड चर्चकडेच आहे. मनोरा दिसतोय. पण ओढा उजवीकडे आला."

मी उभा होतो, सरळ. माझ्या डाव्या हाताला ओढा होता. माझा भाऊ माझ्या शेजारी, माझ्याच दिशेला तोंड करून, उलटा टांगलेला होता आणि त्याच ओढ्याकडे त्याचा उजवा कान होता. एवढी सोपी गोष्ट. चाळीस वर्षं सगळ्या गावानं त्याची आठवण सरळ उभं राहून ऐकली होती. त्यानंसुद्धा.

"कुणाला कळणार नाही," मी म्हटलं. माझे ओठ हलले नसतील, एवढं हळू. "तुझा कान आहे. तू म्हणशील ते."

रूबेननं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. खालून वर, म्हणजे वरून खाली. रस्सीखेचवाल्यांपैकी एक म्हणाला, "लवकर सांग बाबा, हात गेले आमचे."

"मला पलीकडे न्या," रूबेन मोठ्यानं म्हणाला. "आपल्या बाजूला. असंच न्या, सरळ करू नका. विसरेन."

तर त्यांनी त्याला तसाच नेला. चौघंजण, गुडघ्याएवढ्या पाण्यातून, आणि मधे माझा भाऊ काळ्या सुटात उलटा, केस ओढ्यात भिजवत. मागून दोन्ही गावं. नकाशावाल्यानं जोडे काढून हातात घेतले. अलीकडच्या काठावर, आमच्या काठावर, त्याला त्यांनी चर्चकडे तोंड करून धरलं. तो म्हणाला, मागे. मग म्हणाला, अजून. मग एका आल्डरच्या झाडाजवळ म्हणाला, "थांबा." आणि थोडा वेळ ऐकत राहिला.

"इथं," तो म्हणाला. "डावा कान. हा तोच आवाज."

नकाशावाल्यानं खूण केली. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. म्हणजे कुरण, मैदान, सगळं हॅगथॉर्पचं. रूबेनला सरळ केलं तेव्हा तो थोडा डुलला, मग ओढा ओलांडून परत कुरणात गेला आणि गवतातून आपले खडे वेचले. सहाही मोजून घेतले.

आमच्या गावातलं कुणी त्याच्याशी बोललं नाही. हॅगथॉर्पवालेही फारसे बोलले नाहीत, त्यांना बहुतेक मारामारीची तयारी वाया गेल्यासारखं झालं. डॉर्कसबाई तेवढी त्याच्यापर्यंत गेली. म्हणाली, "तू हे माझ्यासाठी नाही केलंस."

"नाही," रूबेन म्हणाला.

"मेंढ्या शनिवारी दुसरीकडे चारते मी," ती म्हणाली. "शनिवारीच फक्त. आणि पंच तू असशील तर."

रूबेननं विचार केला. "तुमच्या गावाविरुद्ध खेळ असला तरी?"

"तेव्हा तर हवासच."

हे आमच्या लोकांनी ऐकलं, पण ऐकल्याचं दाखवलं नाही. संध्याकाळी पबमध्ये शेकोटीजवळची खुर्ची रिकामी होती. रूबेन आला आणि दाराशी उभा राहिला, कोपऱ्यातल्या बाकाकडे निघाला. कुणीतरी म्हणालं, दगड तिथं आहेच कशावरून, चाळीस वर्षांत माणसाचा कान बदलतो. दुसरा म्हणाला, डोक्यात रक्त उतरलं की काहीही ऐकू येतं. आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण उलटा करा हे मी म्हटलं होतं.

मी खूप बोललो त्या संध्याकाळी. असा डावा कान सगळ्या यॉर्कशायरमध्ये दुसरा नाही, वगैरे. पण माझ्या मनात एकच होतं. दगड तिथं नसेल तर रूबेन खोटा ठरत नाही, नुसता चुकलेला ठरतो, आणि मैदान परत मागता येतं. आणि दगड तिथं असेल तर मैदान गेलं, पण माझा भाऊ खरा. मला यातलं काय हवं होतं ते मला घरी जाईपर्यंत कळलं नाही. घरी गेल्यावरही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच वाजता, उजाडल्याबरोबर, फावडं घेऊन मी आल्डरच्या झाडाशी गेलो. खूण होती तिथं खणायला लागलो. माती भुसभुशीत लागली. म्हटलं, त्रेपन्नाव्या वर्षी दंडात काय जोर आहे बघा. दोन फुटांवर फावडं खण्णकन वाजलं. मी गुडघ्यावर बसलो, हातानं माती काढली. दगड आडवा पडला होता. वरच्या बाजूला नऊचा आकडा कोरलेला, चिखल खरवडून स्वच्छ केलेला. आणि त्या आकड्यावर एक पांढरा खडा.

मी वर बघितलं. रूबेन झाडाच्या पलीकडच्या मुळावर बसला होता. जोडे ओले, नखांत माती, शेजारी चहाची किटली.

"कधी आलास?" मी विचारलं.

त्यानं चहा ओतला. माझ्या हातात दिला. ओढ्याकडे बघितलं.

"चारला."

"मग परत बुजवलास कशाला?"

"तुला सापडायला हवा होता," तो म्हणाला. "सांगणारा तू आहेस."

मी चहा प्यालो. साखर विसरला होता. खडा पुसून त्याला दिला, त्यानं तो बाकीच्या पाचांबरोबर खिशात टाकला. मग मी फावडं खांद्यावर घेतलं आणि सांगायला गावात गेलो.